उमेदवाराच्या वचनांची पावती

बीड जिल्ह्यांत, धारूर तालुक्यांत, तेलगांव म्हणून एक नाक्याचें गांव आहे. परळीहून बीडकडे आणि माजलगांवाहून धारूरकडे जाणाऱ्या वाटा तेथें एकत्र येतात. गांवाशेजारींच साखर-कारखाना असल्यामुळें गळिताच्या हंगामांत उसाच्या गाड्यांची रांग लागते. तेथील शेतकरी गाडी काट्यावर चढली कीं वजनाची पावती हातीं पडल्यावांचून जागचा हलत नाहीं. काट्याविषयीं संशय आला तर भांडतोहि. तोच शेतकरी निवडणुकीच्या दिवसांत त्याच नाक्यावर उमेदवाराचें भाषण ऐकतो, आपण कोणा धनिकाचे मिंधे नाहीं हें त्याचें आश्वासन ऐकून मान डोलावतो, आणि पावती न मागतां घरीं जातो. शहरांतील सुशिक्षित घरांची गोष्ट याहून फारशी निराळी नाहीं. तेथें वर्तमानपत्रें अधिक येतात, इतकेंच.

हें तेलगांव ज्या बीड लोकसभा मतदारसंघांत मोडतें, त्यानेंच ह्या विषयांतील एक विलक्षण उदाहरण देशापुढें ठेवलें आहे. कै. गोपीनाथराव मुंडे हे 2009 सालीं तेथून लोकसभेवर निवडून आले. त्या वेळीं उमेदवाराच्या खर्चाची कायदेशीर मर्यादा 25 लाख रुपये होती, आणि त्यांनीं दाखल केलेला हिशेब तीहून बराच खालीं, एकोणीस लाखांच्या घरांत होता. पुढें जून 2013 मध्यें मुंबईंत एका पुस्तकाच्या प्रकाशनसमारंभांत बोलतांना, आपल्या 1980 सालच्या पहिल्या निवडणुकीस कांहीं हजार रुपयेच लागले होते, परंतु गेल्या निवडणुकीस आठ कोटि लागले, असें ते बोलून गेले. निवडणूक आयोगानें तत्काळ नोटीस काढली. तो आंकडा शब्दशः घ्यावयाचा नव्हता, निवडणुकांचा खर्च किती बेसुमार वाढला आहे हें दाखविण्यासाठीं तो उच्चारला होता, अशा आशयाचा खुलासा त्यांनीं केला. अपात्रतेपर्यंत गोष्ट गेली नाहीं. 2014 सालीं ते बीडमधूनच पुन्हा निवडून आले, केंद्रांत ग्रामविकासमंत्री झाले, आणि 3 जून रोजीं दिल्लींत मोटार-अपघातांत त्यांचें निधन झालें.

ह्या प्रकरणांत एका व्यक्तीकडेच बोट दाखवीत बसणें अन्यायाचें होईल. जें पुष्कळांना ठाऊक असतें तें भर सभेंत बोलावयास धैर्यच लागतें. विचार करावयाचा तो कायद्याच्या रचनेचा. निवडणुकीविरुद्ध न्यायालयांत अर्ज करावयाचा तर तो निकालापासून 45 दिवसांच्या आंत करावा लागतो. म्हणजे चार वर्षांनीं कांहीं उघडकीस आलें तरी तो दरवाजा केव्हांच बंद झालेला असतो. मग उरतें लोकप्रतिनिधित्व कायद्यांतील कलम 10 अ. विहित रीतीनें हिशेब सादर न करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरविण्याचा अधिकार त्यानें आयोगास दिलेला आहे. परंतु सादर झालेला हिशेब खरा कीं खोटा, हें आयोगानें पाहावें काय?

ह्याच प्रश्नाचा निकाल लागला तो नांदेड जिल्ह्यांतील प्रकरणांत, आणि तेथें पक्ष दुसरा होता. त्या वेळचे मुख्यमंत्री अशोकराव चव्हाण हे 2009 सालीं भोकर येथून विधानसभेस उभे होते. वर्तमानपत्रांतून त्यांच्या कार्याची स्तुति करणारीं पानेंच्या पानें प्रसिद्ध झालीं. हिशेबांत मात्र वर्तमानपत्री जाहिरातींचा खर्च 5,379 रुपये इतकाच होता. तीं पानें म्हणजे विकत घेतलेली बातमी होय, असा आक्षेप निघाला. हिशेबाचा खरेखोटेपणा तपासण्याचा अधिकार आयोगास आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें मे 2014 मध्यें ठरविलें. आयोगानें जुलैमध्यें चव्हाणांच्या विरुद्ध मत दिलें. तथापि सप्टेंबरांत दिल्ली उच्च न्यायालयानें तें रद्द केलें. अर्थात् ह्या प्रकरणीं दोष सिद्ध झाला असें कोणी म्हणूं नये. पण निवडणूक 2009 सालची आणि निकाल 2014 सालचा, म्हणजे पांच वर्षांची एक पुरी विधानसभा मध्यें होऊन गेली, ही गोष्ट कोणाच्याहि बाजूनें समाधानाची नाहीं.

अमेरिकेंत चाळणी आधींच लागते. पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार कोण असावा हें ठरविण्यासाठीं तेथें प्राथमिक निवडणुका होतात, आणि इच्छुकांना जमविलेल्या पैशाचा हिशेब मतदानापूर्वींच वेळोवेळीं द्यावा लागतो; 200 डॉलरांहून अधिक देणाऱ्याचें नांव आणि व्यवसायहि त्यांत येतो. त्यामुळें वचन आणि वर्तन शेजारीं शेजारीं ठेवून पाहतां येतें. बराक ओबामा यांनीं 2007 सालीं, प्रतिपक्षाचा उमेदवार तयार असल्यास आपणहि सरकारी निधीच्या मर्यादेंत राहूं, अशी तयारी दर्शविली होती. जून 2008 मध्यें त्यांनीं तो निधि नाकारला. जॉन मकेन यांनीं तो स्वीकारून सुमारें 8 कोटि 40 लाख डॉलरांत प्रचार केला, आणि ओबामांनीं त्याच्या कित्येक पट रक्कम जमविली. लहान देणगीदारांचा पैसा हाच खरा लोकनिधि, असें त्यांचें समर्थन होतें. तें अगदींच पोकळ नव्हतें, पण दिलेला शब्द तो नव्हे. पुढें 2019 सालीं एलिझाबेथ वॉरन यांनीं बड्या देणगीदारांचे मेळावे न भरविण्याची घोषणा केली, तेव्हां आधींच्या सेनेटच्या निवडणुकींतून त्यांनीं वळविलेल्या 1 कोटि 4 लाख डॉलरांत तशाच मेळाव्यांचा पैसा नाहीं काय, असें प्रतिस्पर्ध्यांनीं विचारलें. प्रश्न झोंबणारा होता. पण तो मतदानापूर्वीं विचारला गेला.

आपल्याकडे उमेदवारी बंद खोलींत ठरते, आणि पैसा कोठून आला हें तर त्याहून आंतल्या खोलींत. धोक्याची सूचना मात्र फार जुनी आहे. टाटांच्या पोलाद कंपनीस राजकीय पक्षांना देणग्या देण्याची मुभा हवी होती. त्या प्रकरणीं 1957 सालीं मुंबईचे मुख्य न्यायमूर्ति छागला यांनीं, कायद्यांत मनाई नसल्यामुळें परवानगी दिली खरी, परंतु ही प्रथा लोकशाहीचा गळा घोटूं शकेल असें बजावून संसदेनें लक्ष घालावें असें सुचविलें. त्यानंतर कंपन्यांच्या देणग्यांवर मर्यादा आली, 1969 सालीं बंदी आली, 1985 सालीं ती उठली. 2018 पासून तर देणाऱ्याचें नांव जनतेपासून झांकून ठेवणारे निवडणूक-रोखे निघाले, आणि सुमारें 16,500 कोटि रुपयांचे रोखे विकले गेल्यावर, 15 फेब्रुवारी 2024 रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें ती योजना घटनाबाह्य ठरविली. खरेदीदार कोण आणि पैसे कोणत्या पक्षास गेले, ही जुळवणी मार्चच्या अखेरीस लोकांना करतां आली. कित्येक निवडणुका त्यापूर्वींच होऊन गेल्या होत्या.

तरीहि मतदाराच्या हातीं कांहींच नाहीं, असें म्हणणें आळसाचें आहे. 2003 पासून प्रत्येक उमेदवारास फौजदारी खटले, मालमत्ता, कर्जें व शिक्षण यांचें शपथपत्र द्यावें लागतें, आणि तें आयोगाच्या संकेतस्थळावर घरबसल्या वाचतां येतें. एकच शपथपत्र वाचून फारसें कळत नाहीं. त्याच माणसाचीं लागोपाठ दोन-तीन निवडणुकांचीं शपथपत्रें शेजारीं मांडावीं. कोणता भूखंड कधीं आला, कोणता खटला गळला, कोणतें कर्ज कोणत्या सहकारी संस्थेचें आहे, हें आंकडेच बोलूं लागतात. खर्चाचा हिशेब निकालानंतर 30 दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे यावा लागतो, आणि पैसा कोठून आला याचा तपशीलहि त्यांत द्यावयाचा असतो. 2022 पासून महाराष्ट्रांत लोकसभेच्या उमेदवारास 95 लाखांची, विधानसभेच्या उमेदवारास 40 लाखांची मर्यादा आहे. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारास मात्र मुळींच नाहीं, हें तो कागद वाचतांना विसरूं नये. निवडणूक-नियमांतील 88 व्या नियमाप्रमाणें हा हिशेब कोणाहि मनुष्यास पाहतां येतो. त्यासाठीं ठेवलेली फी एक रुपया आहे.