कूहलच्या बांधाची दुरुस्ती : पैसा कोणाचा?

(सिंचनाच्या अर्थकारणावर विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



सिंचनाविषयीची चर्चा आपल्याकडे बहुधा मोठ्या धरणांपासून सुरू होते आणि तेथेच संपते. आज मी आपले लक्ष हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्याकडे वेधू इच्छितो. धौलाधार पर्वतरांगेतून उतरणाऱ्या न्यूगल, बनेर, गज यांसारख्या प्रवाहांचे पाणी तेथील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ‘कूहल’ नावाच्या पाटांनी भातखाचरांपर्यंत नेत आले आहेत. पाट कितीही लांब असला तरी त्याचा प्राण मुखाशी असतो. तेथे नदीत घातलेला बांध प्रवाहाचा काही भाग पाटाकडे वळवतो. परंपरेने हा बांध धोंडे, झाडाच्या फांद्या व माती यांचा असे. पावसाळी पुरात तो वाहून जाई आणि पुन्हा घातला जाई.

वरवर पाहता हा कच्चेपणा वाटेल. परंतु त्यामागे एक पक्का हिशेब होता. दुरुस्तीचे साहित्य नदीपात्रात होते, श्रम गावात होते. ‘कोहली’ हा पाण्याचा कारभारी लाभधारकांना कामावर बोलावी, गैरहजर राहणाऱ्यास दंड होई, आणि कोहलीचा मोबदला सुगीच्या वेळी धान्यरूपाने मिळे. इंग्रजी अमदानीत महसूल अधिकाऱ्यांनी या रूढींची नोंद ‘रिवाज-इ-आबपाशी’ या दस्तऐवजात केली. ४ एप्रिल १९०५ च्या भीषण भूकंपात अनेक कूहल उद्ध्वस्त झाल्या. त्याही पुन्हा वाहत्या झाल्या.

हा हिशेब बिघडला तो गावातील मनुष्यबळ शेतीबाहेर जाऊ लागल्यावर. कांगड्यातील तरुण सैन्यात गेले, शहरात नोकरीला गेले. ज्याच्या घरी मनिऑर्डर येते त्याला पाटावर एक दिवस राबणे महाग वाटू लागते. आणि कूहलच्या शेवटी ज्याची जमीन आहे, ज्याला पाणी सर्वांत उशिरा मिळते, त्याचा उत्साह तर आधी मावळतो. मग समिती स्थापन होते, तिची नोंदणी होते, अनुदानाचा अर्ज जातो आणि काँक्रीटचा पक्का बांध मंजूर होतो. काही कूहल तर राज्याच्या सिंचन विभागाने पूर्णतः आपल्याकडे घेतल्या.

येथे एक मुद्दा बारकाईने पाहण्यासारखा आहे. कच्चा बांध फुटला तर गावाला श्रम द्यावे लागतात. पक्का बांध फुटला तर सिमेंट, लोखंड, यंत्रसामग्री, म्हणजेच रोख पैसा लागतो. गावाकडे जे होते त्याची गरज संपली आणि जे नव्हते त्याची निर्माण झाली. शिवाय दगड-फांद्यांच्या बांधातून जे पाणी झिरपे ते खालच्या कूहलला मिळे. पक्क्या बांधाने ते अडले की वरच्या गावाची सोय ही खालच्या गावाची तक्रार होते. अंदाजपत्रकात या तक्रारीसाठी रकाना नसतो.

पैसा येतो कोठून? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार सिंचन हा राज्य सूचीतील (नोंद १७) विषय असल्याने प्राथमिक जबाबदारी राज्याची. पण देखभाल हा महसुली खर्च असतो आणि तंगीच्या वर्षी त्यालाच प्रथम कात्री लागते. पाणीपट्टीतून किमान देखभाल-दुरुस्तीचा खर्च तरी निघावा, असे ए. वैद्यनाथन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९२ मध्ये सुचवले होते. तेराव्या वित्त आयोगाने जलक्षेत्रासाठी ५,००० कोटी रुपयांचे अनुदान ठेवून सिंचनखर्चाच्या वसुलीला उत्तेजन देण्याचा प्रयत्न केला. परंतु कूहलसारख्या छोट्या व्यवस्थेत पाणीपट्टी मुळात किती जमणार? पुरात मुखच वाहून गेले तर ती रक्कम पुरणार नाही, हे उघड आहे.

दुसरा मार्ग आपत्ती निधीचा. २०२३ च्या पावसाळ्यात हिमाचलमध्ये झालेल्या हानीनंतर त्याचे महत्त्व सर्वांना कळले. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत हिमालयीन राज्यांसाठी केंद्र व राज्य यांचा वाटा ९०:१० असा असतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या कालावधीसाठी पुनर्उभारणीचा हिस्सा वेगळा केला, ही स्वागतार्ह बाब होय. मात्र तातडीच्या दुरुस्तीचे निकष जे होते ते पूर्ववत करण्यापुरते असतात. मुखाची जागा बदलण्याची गरज असेल तर ते तोकडे पडतात. २००५ च्या रोजगार हमी कायद्याखाली झालेल्या कामांत मजुरी व सामग्रीचे प्रमाण ६०:४० राखावे लागे. गाळ काढण्यास ते सोयीचे होते, काँक्रीटच्या बांधास नव्हे.

आपल्या धुळे-नाशिक भागातील फड पद्धतीशी तुलना करून पाहा. पांझरा, मोसम या नद्यांवरील बंधारे दगडी आणि कायमस्वरूपी होते. तरी पाटकरी, जागल्या ही माणसे लाभधारकांनीच पोसली. म्हणजे पक्के बांधकाम आणि लोकांची व्यवस्था यांचे वैर नाही. प्रश्न खर्चाच्या विभागणीचा आहे.

माझ्या मते ती अशी असावी : बांधाची पुनर्बांधणी हा भांडवली खर्च समजून राज्याने उचलावा; गाळ, झडपा, पाटाचे काठ आणि कोहलीचे मानधन लाभधारकांनी सांभाळावे. लोकवाटा एकदम मागू नये. भाताच्या हंगामानंतर एकरी थोडी रक्कम दरवर्षी समितीच्या बँक खात्यात जमा व्हावी, आणि शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला मिळणाऱ्या पाण्याच्या प्रमाणात त्याचा दर कमी असावा. श्रमाचा वाटाही रकमेइतकाच ग्राह्य धरावा, कारण गावात राहिलेल्या गरीब कुटुंबाकडे आजही तोच आहे. आणि प्रशासकीय मंजुरीपूर्वी खालच्या कूहलच्या समितीची लेखी संमती कागदपत्रांना जोडलेली असावी. रिवाज-इ-आबपाशीतील हक्कांची नोंद त्यासाठी अजूनही उपयोगी पडते.