न्यूपोर्टचे मैदान कोणाचे?

(अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

चळवळीच्या अभ्यासवर्गात एका जॅझ-चित्रपटाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही कार्यकर्त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ‘जॅझ ऑन अ समर्स डे’ या चित्रपटात ना संप आहे, ना मोर्चा, ना निवेदकाचे भाष्य. जुलै १९५८ मध्ये अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातील न्यूपोर्ट या समुद्रकाठच्या गावी भरलेल्या जॅझ महोत्सवाचे हे सुमारे ८५ मिनिटांचे रंगीत चित्रण. ऊन, वारा, शिडांच्या नौका आणि संगीत. एवढे पाहून ‘श्रीमंतांची करमणूक’ असा शिक्का मारून मोकळे होता येईल. तसे करणे सोपे आहे, पण ते चुकीचे होईल.

चित्रपटाचा कर्ता बर्ट स्टर्न हा जाहिरातींचा छायाचित्रकार. व्होडकाच्या जाहिरातीसाठी त्याने काढलेले इजिप्तच्या पिरॅमिडचे छायाचित्र त्या काळी फार गाजले होते. चित्रपटाच्या वेळी त्याचे वय अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते आणि चित्रपट करण्याचा अनुभव जवळजवळ नव्हता. सहदिग्दर्शन व संकलन अ‍ॅराम अवाकियन याचे, आणि संगीताची बाजू त्याचा भाऊ जॉर्ज अवाकियन याने सांभाळली. जाहिरातवाल्याची नजर पहिल्या दृश्यापासून जाणवते. पाण्यावर थरथरणाऱ्या प्रतिबिंबांवर जिमी जफ्री व त्याच्या दोन साथीदारांचे वादन सुरू होते, आणि प्रत्येक चौकट भिंतीवर टांगावी इतकी देखणी दिसते.

पण या नजरेला आणखी एक ओढ होती, माणसांच्या चेहऱ्यांची. अ‍ॅनिटा ओ'डे ही गायिका काळा पोशाख, पिसांची रुंद टोपी आणि पांढरे हातमोजे घालून भर दुपारी मंचावर येते, शब्दांची मोडतोड करीत लयीशी खेळू लागते, आणि कॅमेरा तिला सोडून श्रोत्यांत शिरतो. कोणी मान डोलावतो आहे, कोणी कंटाळला आहे, कोणाचे लक्ष भलतीकडेच आहे. मैफल ही गाणाऱ्याइतकीच ऐकणाऱ्याची असते, हे आपल्याकडील रसिकाला शिकवावे लागत नाही. पण संगीताच्या चित्रपटात श्रोत्याला एवढे स्थान क्वचितच मिळाले असेल. त्या श्रोत्यांत गोरे आहेत आणि कृष्णवर्णीयही आहेत. एका रांगेत, खुर्चीला खुर्ची लावून. चित्रपट याबद्दल एक शब्दही बोलत नाही. १९५८ सालच्या अमेरिकेत हे दृश्य किती प्रांतांत बेकायदा ठरले असते, हे ठाऊक असलेल्यालाच त्याचे वजन कळते.

आता हे मैदान कोणाचे? अठराव्या शतकात ऱ्होड आयलंडच्या बंदरांतून गुलामांच्या व्यापारासाठी नऊशेहून अधिक जलसफरी झाल्या आणि एक लाखाहून अधिक आफ्रिकी माणसे जहाजांत कोंबून नेली गेली. न्यूपोर्ट हे या व्यापाराचे प्रमुख ठाणे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे आणि खाणींचे धनी तेथे उन्हाळ्यापुरते राहण्यासाठी राजवाडे बांधू लागले. व्हँडरबिल्ट घराण्याचा ‘ब्रेकर्स’ हा १८९५ चा बंगला सत्तर खोल्यांचा आहे, आणि त्याला ही मंडळी ‘कॉटेज’ म्हणत! १९५४ मध्ये महोत्सव सुरू झाला तो जॉर्ज वीन याच्या खटपटीने आणि इलेन व लुई लोरिलार्ड या दांपत्याच्या आश्रयाने. त्यांची संपत्ती तंबाखूच्या धंद्यातून आलेली. तंबाखूच्या मळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या कोण राबले, हे सांगण्याची गरज नाही. ज्यांच्या पूर्वजांच्या घामावर ही संपत्ती उभी राहिली, त्यांच्याच संगीताला तिने अंगण दिले, तेही उन्हाळ्याचे चार दिवस.

चित्रपट हा इतिहास सांगत नाही, पण लपवूही शकत नाही. थेलोनियस मंक पियानोवर बसला आहे. त्याच्या तोडीचा मौलिक प्रतिभेचा वादक त्या शतकात विरळाच. कॅमेरा क्षणभर त्याच्याकडे पाहतो आणि शर्यतीच्या नौकांकडे निघून जातो. अमेरिका चषकाची धामधूम त्या वर्षी न्यूपोर्टलाच होती. मंक वाजवीत राहतो, पडद्यावर शिडे फुगत राहतात. रसिकांनी या दृश्यावर वर्षानुवर्षे राग धरला, आणि तो रास्त आहे. त्याच महोत्सवात ड्यूक एलिंग्टन वाजवून गेला, माइल्स डेव्हिस व जॉन कोल्ट्रेन एकत्र वाजवून गेले. चित्रपटात त्यांचा मागमूस नाही. नौकांना मात्र भरपूर जागा आहे. काय टिपावे आणि काय सोडावे, याचा निर्णय कॅमेऱ्यामागचा माणूस ज्या जगात वावरतो, ते जग बऱ्याच अंशी करीत असते.

अपवाद एकच, पण फार मोलाचा. चिको हॅमिल्टनच्या संचातील चेलोवादक नेथन गर्शमन उघड्या अंगाने एका अंधाऱ्या खोलीत एकटाच बाखची रचना घोटत बसला आहे. मधेच थांबून सिगारेट पेटवतो, पुन्हा गज उचलतो. इथे टाळ्या नाहीत, ऊन नाही, नौका नाहीत. कला हे श्रम आहेत, ही गोष्ट संपूर्ण चित्रपटात एवढ्या एकाच ठिकाणी उघड दिसते. पुढे रात्रीच्या मंचावर हाच संच वाजवतो, हॅमिल्टनच्या कपाळावर घाम चमकतो आणि एरिक डॉल्फीची बासरी अंधारातून वर येते, तेव्हा त्या खोलीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

लुई आर्मस्ट्राँगविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण त्याला ‘गोऱ्यांना हसवणारा’ म्हणून हिणवणारे पुष्कळ होते. चित्रपटात तो विनोद करतो, डोळे विस्फारतो, आणि गोरा ट्रॉम्बोनवादक जॅक टीगार्डन याच्याबरोबर जोडीने गातो. दोन जुने मित्र एकमेकांची थट्टा करीत आहेत, एवढेच दिसते. पण आर्मस्ट्राँगच्या जन्मगावी, न्यू ऑर्लिन्सला, हे गाणे गुन्हा ठरला असता. लुइझियाना राज्याने १९५६ च्या कायद्याने गोऱ्या-काळ्यांच्या संयुक्त कार्यक्रमांना बंदी केली होती. आपल्या मिश्र संचाला मज्जाव असेल, तर आपणही त्या गावी वाजवणार नाही, असे आर्मस्ट्राँगने ठरवले, आणि १९६५ पर्यंत तो तेथे वाजवायला गेला नाही. सप्टेंबर १९५७ मध्ये लिटल रॉक येथे कृष्णवर्णीय मुलांना शाळेच्या दारात अडवले गेले, तेव्हा त्याने राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना जाहीरपणे भित्रे ठरवले आणि सरकारतर्फे ठरत असलेला सोव्हिएत दौरा करण्यास नकार दिला. न्यूपोर्टच्या मंचावरचे ते हसू या घटनेनंतर दहा महिन्यांनी टिपलेले आहे.

त्याच मंचावर सूत्रधार म्हणून विलिस कोनोव्हर दिसतो, ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या सरकारी नभोवाणीवरून जगभर जॅझ पोहोचवणारा. घरात ज्यांना समान हक्क नाहीत, त्यांचे संगीत परदेशात स्वातंत्र्याची खूण म्हणून मिरवायचे, असा हा शीतयुद्धाचा डाव होता. मुंबईही त्यातून सुटली नाही. डेव्ह ब्रुबेकचा संच १९५८ मध्येच सरकारी दौऱ्यावर येथे येऊन गेला. मात्र मुंबईला जॅझ काही वॉशिंग्टनने शिकवला नव्हता. त्याच्या कितीतरी आधीपासून गोव्याचे वादक हॉटेलांत तो वाजवीत होते. त्यांच्यातील चिक चॉकलेट या ट्रम्पेटवादकाला लोक भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत, आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांतही त्याची साथ असे. हे संगीत सत्तेच्या मर्जीबाहेर, वादकाकडून वादकाकडे पसरले.

चित्रपटाचा शेवट महालिया जॅक्सनच्या भजनांनी होतो. मध्यरात्र उलटत आलेली, रविवार उजाडायच्या बेतात. मंडपात क्षणापूर्वी टाळ्यांचा गजर होता. ती प्रार्थना म्हणू लागते आणि सारे शांत होते. शिकागोत गोऱ्यांच्या वस्तीत तिने घर घेतले, तेव्हा तिच्या खिडक्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. पुढे २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणापूर्वी हाच आवाज लाखोंसमोर उमटला.

न्यूपोर्टच्या अंगणाचा बांध दोनच वर्षांत फुटला. जुलै १९६० मध्ये मैदानात प्रवेश न मिळालेल्या हजारो तरुणांनी, बहुतांशी गोऱ्या विद्यार्थ्यांनी, गावात दंगल केली. अश्रुधूर झाला, महोत्सव अर्ध्यावर बंद पडला. त्याच दिवसांत त्याच गावात चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच यांनी समुद्राकाठच्या ‘क्लिफ वॉक मॅनर’ येथे आपला स्वतंत्र महोत्सव भरवला. मोठ्या नावांवर पैसा उधळायचा आणि नवे संगीत घडवणाऱ्यांना किरकोळ मानधनावर वाटेला लावायचे, हा त्यांचा आक्षेप होता. कुंपण वादकांनी उभारले, तिकिटे वादकांनी विकली, गर्दीत टोपी फिरवून वर्गणीही त्यांनीच गोळा केली. इलेन लोरिलार्ड यांनी या बंडखोरांना साह्य केले, हेही नोंदवले पाहिजे. त्यांच्यात जो जोन्स हा ज्येष्ठ ढोलवादक होता. १९५८ च्या चित्रपटात चक बेरीच्या गाण्यामागे ताल धरून बसलेला हाच तो. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात या मंडळींनी ‘न्यूपोर्ट रेबेल्स’ या नावाची ध्वनिमुद्रिका मुद्रित केली. तिच्यावर जो जोन्स आहे, आणि अंधारातून बासरी वाजवणारा एरिक डॉल्फीही आहे.