फुगलेलं दिंड

नागपंचमीला विरारच्या आमच्या घरी तवा चढत नाही. चिरायचं नाही, भाजायचं नाही, तळायचं नाही. सासूबाई मूळच्या साताऱ्याकडच्या. त्या कणकेची पुरी लाटतात, मधोमध पुरण ठेवतात, चारी बाजूंनी घडी घालतात आणि चाळणीत मांडून उकडतात. ही दिंडं. वर सढळ हाताने तूप. दोन वर्षांपूर्वी मुलगा कामासाठी आठ दिवस हाँगकाँगला जाऊन आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "आई, तिथे सकाळी चहाबरोबर दिंडं देतात. फक्त ती फुगलेली असतात."

तो सांगत होता ते कँटनी पद्धतीचे गोड बन. पांढरे शुभ्र, मऊ, भाजलेले नव्हे तर वाफवलेले, आणि आत लाल चवळीसारख्या बियांचं गोड पुरण नाहीतर कस्टर्ड. त्यांना म्हणतात 'बाव'. वसईच्या माणसाला लगेच पाव आठवेल. पण पाव पोर्तुगिजांचा. १५३४ ते १७३९ एवढा काळ ते वसईत होते, त्यांच्याबरोबर तो शब्द आला. 'बाव' अस्सल चिनी, अर्थ गुंडाळणं. दोन्हींचं नातं नाही, नुसता आवाज जुळला. नातं आहे ते चहाचं. कँटनी माणूस चहाला 'चा' म्हणतो. आमच्या सासरी 'च्या' म्हणतात, म्हणजे सासरच चीनला जास्त जवळ! आणि कँटनी लोक मुंबईला नवे नाहीत. माझगावात त्यांचं 'सी यूप कून' नावाचं देऊळ १९१९ सालापासून उभं आहे.

तर बन. मी ते घरी करायचं ठरवलं आणि पहिला घाणा फसला. मोदकपात्राचं झाकण घाईने उघडलं, आतले टम्म फुगलेले बारा बन माझ्या डोळ्यांसमोर बसले आणि त्यांना सुरकुत्या पडल्या. सासूबाईंनी एक खाऊन पाहिला. म्हणाल्या, "चव बरी आहे. पण हा म्हातारा झालाय."

तेव्हा आधी पीठ नीट सांगते. कपाने नव्हे, वजनावर घ्या: मैदा २७० ग्रॅम, त्यात कॉर्नफ्लोअर ३० ग्रॅम. कँटनी लोक कमी चिकाचा मैदा वापरतात, म्हणून त्यांचे बन कापसासारखे होतात. आपल्या मैद्यात कॉर्नफ्लोअर मिसळलं की चिकटपणा थोडा उतरतो. साखर ५० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट एक छोटा चमचा, बेकिंग पावडर एक छोटा चमचा, तेल एक मोठा चमचा आणि कोमट पाणी किंवा दूध १६० मिलिलिटर. दहा मिनिटं मळा. पीठ कानाच्या पाळीसारखं मऊ लागलं पाहिजे. पंधरा मिनिटं ओल्या फडक्याखाली झाका आणि बारा गोळे करा.

यीस्टची पुडी मिळत नव्हती तेव्हा काय करत असतील? वसईकडच्या नंदाखालच्या माझ्या मैत्रिणीकडे याचं उत्तर तयार होतं. त्यांच्याकडे सणासुदीला, लग्नात फुगे तळतात, त्यांचं पीठ पूर्वी ताडीवर फुगवत. म्हणजे वाफ साताऱ्याची आणि फुगवण वसईची. दोन्ही एकाच तालुक्यात आलेली, फक्त एका भांड्यात कुणी घातली नव्हती.

आता सारण. कस्टर्डचं हवं असेल तर पाव लिटर दूध, कस्टर्ड पावडर ३० ग्रॅम, साखर ५० ग्रॅम, लोणी ३० ग्रॅम आणि दुधाची पावडर तीन मोठे चमचे. पावडरी थंड दुधातच कालवा, मग मंद आचेवर घोटत राहा. खव्यासारखा गोळा होऊन कडा सुटल्या की उतरवा आणि फ्रिजमध्ये गार करा, म्हणजे गोळ्या वळता येतात. हाँगकाँगमध्ये यात अंडंही पडतं. या कस्टर्ड पावडरीची गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने १८३७ साली ती केली ती बायकोसाठी. तिला अंडं सोसत नव्हतं. यीस्टही सोसत नव्हतं, म्हणून त्याने १८४३ मध्ये बेकिंग पावडर केली. आज त्याच्या दोन्ही पावडरी कँटनी बनमध्ये जातात, पण जोडीला अंडं आणि यीस्ट असतंच. त्या बिचारीला हा बन खाता आला नसता.

मला विचाराल तर कस्टर्डपेक्षा पुरण सरस. फक्त ते पुरणपोळीच्या पुरणाहून कोरडं हवं. उलथनं उभं राहतं तिथे न थांबता आणखी पाच मिनिटं परता, नाहीतर तळ ओला होऊन फाटतो. एकदा आगाशीची सुकेळी बारीक चिरून खोबऱ्यात घातली. सुकेळी म्हणजे सुकवलेली राजेळी केळी, ठाऊक असेलच. चव सुरेख, पण सुकेळी महाग, आणि बनच्या पोटात ती ओळखूही येत नाही. नुसतीच खावी.

गोळा हातावर थापताना मधे जाड आणि कडेला पातळ ठेवा. मोदकाची पारी करणाऱ्या बाईला हे शिकवायला नको. सारण सुपारीएवढं, कडा वर ओढून चिमटीत मिटवा. मोदकाच्या कळ्या दाखवायच्या असतात, इथे तोंड खाली लपवायचं आणि गुळगुळीत बाजू वर ठेवायची. प्रत्येकाखाली केळीच्या पानाचा तुकडा. मग अर्धा तास झाकून ठेवा. विरारच्या मे महिन्यात वीस मिनिटं पुरतात, जानेवारीत पाऊण तासही लागतो. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला की समजायचं, तयार आहे.

मोदकपात्रात बन दोन बोटं अंतरावर मांडा, ते अंग धरतात. झाकणाला फडकं बांधा, नाहीतर वाफेचं पाणी टपकून वर डाग पडतात. मध्यम आच, बारा मिनिटं. मग गॅस बंद करा आणि झाकणाला हात लावू नका. पाच मिनिटं. माझे बारा म्हातारे झाले ते याच पाच मिनिटांपायी. मग झाकण किंचित तिरकं करा, वाफ जाऊ द्या आणि त्यानंतर पूर्ण काढा.

उरलेले बन दुसऱ्या दिवशी चार मिनिटं वाफवले की पुन्हा ताजे. सकाळच्या विरार लोकलला डब्यात न्यायलाही बरे, तूप गळत नाही. येत्या नागपंचमीला करून पाहा. सुरी लावू नका, हाताने फोडा. आणि लहान मुलांना जरा थांबवून द्या, वरून गार लागला तरी आतलं पुरण बराच वेळ चटका देतं.