कथेच्या शिरोभागीचे चित्र

नियतकालिक चाळणारा वाचक प्रथम मजकूर वाचीत नाही. त्याची दृष्टी चित्रावर पडते, आणि पुढे वाचावयाचे की पान उलटावयाचे याचा निर्णय बहुधा तेथेच होतो. हे चित्र कसे निवडावे, या प्रश्नाचा विचार करताना मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, एका संस्थेचे उदाहरण मराठी श्रोत्यांस परके वाटणार नाही. जुलै १९४७ मध्ये बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी तेथे मुलांसाठी एक मासिक सुरू केले. तेलुगूत त्याचे नाव ‘चंदामामा’, तमिळमध्ये ‘अंबुलिमामा’. १९५२ पासून ते महाराष्ट्रात ‘चांदोबा’ या नावाने येऊ लागले.

मजकूर प्रत्येक भाषेत निराळा, चित्रे मात्र सर्वांस समान, अशी ही व्यवस्था होती. तिच्यामुळे चित्रकारावर एक चमत्कारिक बंधन आले. चित्रात अक्षर घालावे तर ते एकाच भाषेचे होणार. पोशाखात एका प्रांताची खूण ठळक करावी तर दुसऱ्या प्रांतातील मूल बिचकणार. जे सांगावयाचे ते मुद्रेतून, हातांच्या ठेवणीतून आणि मागे दिसणाऱ्या देवळाच्या खांबांतून सांगणे भाग होते.

के. सी. शिवशंकरन, म्हणजे वाचकांचे ‘शंकर’, याच १९५२ साली संस्थेत आले. विक्रम-वेताळाच्या कथांसाठी त्यांनी काढलेले चित्र सर्वपरिचित आहे. स्मशानातील अंधार, हाती उपसलेली तलवार, खांद्यावर लोंबणारे प्रेत आणि पुढे पडणारे राजाचे पाऊल. वेताळाची प्रत्येक कथा नवी. तिच्यातील राजकन्या, व्यापारी, ब्राह्मणकुमार बदलत राहतात. त्यांतील एखादा प्रसंग शिरोभागी घेणे सोपे होते. येथे मात्र कथांना बांधून ठेवणारा, न बदलणारा प्रसंग घेतला गेला. शिवाय त्यातील क्षणही नेमका आहे. प्रेत झाडावरून उतरविण्याचा प्रसंग घेतला असता तर केवळ भीती उरली असती. वेताळ निसटून जाण्याचा घेतला असता तर शेवट आधीच फुटला असता. राजा वाटेत आहे आणि वेताळ अद्याप बोलावयाचा आहे. मूळ संस्कृत परंपरेत या कथा पंचवीस. मासिकाने ती संख्या केव्हाच ओलांडली. नव्या कथा रचाव्या लागल्या, पण राजा चालतच राहिला.

मुखपृष्ठाचे काम निराळे. वड्डादि पापय्या यांची रंगीत पौराणिक चित्रे तेथे येत, आणि ती बदलणे अवश्यच होते. एकच चित्र दरमहा दिले असते तर गेल्या महिन्याचा अंक कोणता आणि या महिन्याचा कोणता, याचा दुकानदारासही घोळ पडला असता.

याच मासिकात दोन छायाचित्रे छापून त्यांना शोभतील अशा ओळी वाचकांकडून मागविण्याची स्पर्धाही असे. कोणतीही ओळ सोसणारे छायाचित्र अशा स्पर्धेस उत्तम, लेखास नव्हे. हा भेद आज व्यापारी संस्थांच्या प्रकाशनांत फारसा पाळला जात नाही. हस्तांदोलन, विजेचा दिवा, वर चढणारा बाण अशी चित्रे तयार संग्रहांतून घेतली जातात, आणि नाव झाकले तर ते चित्र कोणत्या संस्थेचे हे त्या संस्थेसही सांगता येणार नाही. अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्यात स्वतःचे यंत्र, त्यावर झुकलेला कारागीर, खाली पडलेला लोखंडाचा कीस, हे सारे हाताशी असते. हस्तांदोलन मात्र बाहेरून आणावे लागते. कारागिराचा मळका अंगरखा छापणे कमीपणाचे वाटते, हेच बहुधा त्याचे कारण असावे. शंकरांनी तर राजाच्या खांद्यावर प्रेत दिले होते.

२०१३ मध्ये ‘चंदामामा’चे प्रकाशन थांबले. सप्टेंबर २०२० मध्ये शंकर निवर्तले आणि २०२१ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. त्यांची ओळख करून देताना तेव्हाही विक्रम-वेताळाचाच उल्लेख करावा लागला.