आधी पराक्रम, मग अपघात



मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्यात भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मिळाली २०१८ साली. घरोघरी नाव पोहोचले ते २०२४ च्या चित्रपटाने. मधल्या काळात वृत्तपत्रे काय करीत होती?

आपल्या करमाळा तालुक्याच्या सुयश जाधवांनी २०१८ साली जकार्ताच्या आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे सुवर्ण जिंकले. तरी बातमी सुरू होते ती विजेच्या धक्क्याने गेलेल्या हातांपासून!

आम्हां केमकरांचे वृत्तपत्रांना एवढेच सांगणे आहे : आधी वेळ लिहा, सराव लिहा, अपघात नंतर. कीव वाचून माणूस हळहळतो आणि पान उलटतो. पराक्रम वाचला, तर गावातले अपंग पोरही मैदानात उतरेल.