इमारत विकणे आहे



"भरवस्तीत इमारत विकणे आहे. तळमजल्यावर दुकाने, वर खोल्या." अशी जाहिरात आपण वर्तमानपत्रात पाहतो आणि पान उलटतो. घेणाऱ्याने वाचावी, आपल्याला काय तिचे, असे आपल्याला वाटते. आमचे म्हणणे असे की, ती जाहिरात सर्वांत आधी वाचायला हवी ती त्या इमारतीत राहणाऱ्याने आणि राबणाऱ्याने.

भिवपुरीत हा विषय काढण्याला कारण आहे. १९२२ पासून येथल्या वीजघरातली वीज घाट उतरलेल्या पाण्यावर तयार होऊन मुंबईला गेली आणि तिच्यावर गिरण्या चालल्या. त्या गिरण्यांतली माणसे लालबाग-परळच्या चाळींत राहिली. गिरगाव-दादरलाही तीच बांधणी : खाली वाणी, शिंपी, खानावळ, वर लहान लहान खोल्या आणि सामाईक नळ. आज त्याच वस्त्यांतली जागा सोन्याच्या मोलाची झाली आहे.

मग अशी इमारत विकली जाते तेव्हा विकले जाते काय? खोल्या तर भरलेल्या असतात. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकली. १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, तेव्हा कोठे वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली. एवढ्याशा भाड्यासाठी कोणी कोट्यवधी रुपये मोजीत नाही. खरेदीदार पैसे मोजतो ते त्या जागेवर उद्या उभ्या राहणाऱ्या उंच इमारतीसाठी. त्याच्या आणि त्या इमारतीच्या मध्ये उभी असतात ती आजची माणसे.

मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. तसल्या भाड्यात डागडुजी होत नव्हती, हे खोटे नाही. भाडी अशी गोठवून ठेवणे वाजवी राहिलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ साली म्हटले. इमारती कोसळू लागल्या म्हणून तर १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला आणि मुंबई शहरातल्या १९,६४२ इमारती उपकराखाली आल्या. पण मालकाची अडचण खरी असली, म्हणून भाडेकरूचा हक्क खोटा होत नाही.

कायदा सरळ आहे. इमारत विकल्याने भाडेकरी मोडत नाही. नवा मालक जुन्याच्या जागी येतो, एवढेच. उपकरप्राप्त इमारत पाडून नवी बांधली, तर राहत्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्राची जागा विनामूल्य द्यावी लागते. दुकानदाराला त्याच्या जुन्या जागेइतकी. भाड्याची पावती देणे मालकाला सक्तीचे आहे. मात्र सबळ कारणाशिवाय सहा महिने जागा न वापरणे, हे जागा खाली करून घेण्याचे एक कारण ठरू शकते. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर खोलीला कुलूप लावून गावी गेलेल्या गिरणी कामगाराच्या घरी हे कलम कोणी वाचून दाखवले होते?

हे कायदे आम्ही शाळेत शिकलो नाही. शिकलो ते ठेच लागल्यावर. ती ठेच सांगतो.

वीसएक वर्षांपूर्वी गिरगावातली एक इमारत विकली गेली. खालच्या दुकानातले पाच नोकर आमच्या संघटनेचे सभासद होते. रात्री ते दुकानाच्या पोटमाळ्यावर निजत. घाबरून आमच्याकडे आले. आम्ही मोठ्या ऐटीत सांगितले, "इमारत विकल्याने भाडेकरी जात नाही. स्वस्थ निजा." वाक्य खरे होते. पण भाडेकरी कोणाची, हे आम्ही विचारलेच नाही. पावती होती दुकानदाराच्या नावाची. त्याने नव्या मालकाशी तडजोड केली, रक्कम घेतली, जागा सोडून दिली. वरच्या मजल्यांवरची बिऱ्हाडे पावत्यांच्या जोरावर टिकली. आमचे पाच जण एका सकाळी वळकट्या घेऊन फुटपाथवर आले. नोकर म्हणून निजणाऱ्याला भाडेकरूचा हक्क नसतो. आणि नोकरीचा हक्क मागावा, तर हजेरीपटावर दोघांचीच नावे. त्या दोघांची थकबाकी आम्ही मिळवून दिली. तिघांच्या हाती काही लागले नाही. दोष दुकानदाराचा होताच. पण आधी तो आमचा होता. हजेरीपट पाहणे हेच तर आमचे काम!

आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. ज्या कुळकायद्यासाठी चरीचे शेतकरी १९३३ पासून संप करून बसले, तो कायदा पुढे झाला आणि १ एप्रिल १९५७ रोजी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. पण ज्याचे नाव कागदावर चढलेच नव्हते, त्याला ते सिद्ध करता करता नाकी नऊ आले. शेतात सातबारा, चाळीत पावती, दुकानात हजेरीपट. कागद तीन, प्रश्न एकच : येथे घाम गाळणाऱ्याचे नाव कोठे लिहिले आहे?

आज कर्जत-खालापुरात 'विकणे आहे' च्या पाट्या माळामाळावर उभ्या आहेत. मुंबईची माणसे येथे शनिवार-रविवारची घरे बांधीत आहेत. बांधोत बापडी. पण आपल्याकडच्या कित्येक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या नावावरच्या जमिनीवर उभ्या आहेत. ती जमीन विकली गेली, तर त्या वाडीची गत आमच्या पाच नोकरांसारखी होईल. पाटी लागल्यावर धावपळ करून उपयोग नसतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

म्हणून आमची विनंती एवढीच. घरी गेल्यावर पेटी उघडा आणि कागद पाहा. ज्याला वाचता येत नाही, त्याला शेजाऱ्याने वाचून दाखवावे. आणि ज्याच्याजवळ कागदच नाही, त्याचे नाव आधी लिहून घ्यावे. कारण पहिली वळकटी बाहेर येते ती त्याचीच.