जुनी बुलेट घेताना

मद्रासेस 1955 साली बुलेटची जुळणी सुरू झाली. त्या घराण्यातील बिडाच्या इंजिनाची एखादी जुनी गाडी लांबच्या प्रवासासाठी घ्यावयाची झाल्यास रंगाच्या झळाळीस भुलू नये. इंजिन थंड असतानाच ती सुरू करून पाहावी; तापलेले इंजिन आपले दुखणे लपविते. इंजिनाचा व सांगाड्याचा क्रमांक नोंदणीपत्राशी ताडून घ्यावा. पुढे तेल, साखळीचा ताण आणि ब्रेक यांची निगा नित्य राखावी.

जुन्या बुलेटचा गिअर बहुधा उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असतो. इतर गाड्यांची सवय असलेला पाय घाटात ऐनवेळी ब्रेक समजून गिअरच दाबतो! म्हणून आधी मोकळ्या मैदानावर सराव करावा. गाडीच्या किमतीत घासाघीस चालते. उतारावर ती चालत नाही.